हौसाचं मूठभर मीठ

मला गोष्टी सांगता येत नाहीत, हे मी सकाळपासून ओरडून सांगतोय. ऐकतं कोण? सूनबाई म्हणते, पोरं गोळा झालीत, परीची गोष्ट सांगा, त्याशिवाय चहाचं आधण चढणार नाही. माझ्याच घरात माझी अशी अडवणूक! बरं, बसा. नीट मांडी घालून बसा. आणि परीनं काय घातलं होतं, हे आत्ताच विचारायचं नाही. परी आल्यावर सांगेन.

आंबेमाळ नावाची एक वाडी होती. म्हशीच्या पाठीला गोचीड चिकटते ना, तशी डोंगराला चिकटलेली. वाडीच्या टोकाला गवतानं शाकारलेलं एक चिमुकलं घर होतं. त्या घरात हौसा राहायची, तिची आई भागीरथी राहायची आणि चांदी नावाची पांढरीशुभ्र शेळी राहायची. बाप हौसाच्या लहानपणीच देवाघरी गेलेला. आईची भाताची दोन खाचरं होती, म्हणजे बांध घातलेले दोन ओले तुकडे, एवढीच काय ती शेती.

खाचरातलं भात घरात आलं, की आई कणगीत भरायची. मग हात घालून बघायची, भात कुठवर आलंय. दरवर्षी ते कोपरापर्यंतसुद्धा यायचं नाही. मग दिवाळी सरली, की वाडीच्या खाली ट्रक येऊन भोंगा वाजवायचा. वीटभट्टीचा ट्रक. ज्यांच्या कणगीत भात, ते घरी राहायचे. ज्यांच्या नाही, ते दाराला कुलूप लावून ट्रकमध्ये चढायचे. हौसा आणि तिची आई दरवर्षी चढायच्या. चांदीला शेजारच्या राहीकाकूकडे बांधून जायच्या, आणि ट्रक वळेपर्यंत चांदीचं बेंबें ऐकू यायचं.

भट्टीवर झाड नव्हतं. नावालासुद्धा नव्हतं. ताडपत्रीचं खोपट आणि लाल धूळ. धूळ केसात, धूळ भाकरीत, धूळ डोळ्यांच्या पापण्यांवर. आई दिवसभर विटा थापायची आणि रात्रभर खोकायची. हौसा कच्च्या विटा उन्हात उलट्यापालट्या करायची, आणि मनात म्हणायची, "या वर्षी आलो ते आलो. देवा, पुढच्या दिवाळीला तरी नको."

तर आता ऐका. मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्या होत्या. डोंगर पोपटी झाला होता. जमिनीतून रानहळदीचे गुलाबी तुरे वर आले होते, जणू मातीनंच कोणी येणार म्हणून गुलाबाच्या रंगाचे पेले मांडून ठेवले होते. लालचुटूक मखमली किडे गवतातून तुरुतुरु पळत होते. संध्याकाळी आई म्हणाली, "हौसे, कालवणात घालायला मीठ नाय. जा, राहीकाकूकडनं मूठभर आण."

हौसा गेली, पळसाच्या पानात मीठ बांधून घेतलं आणि रानातल्या पायवाटेनं परत निघाली. तेवढ्यात रानहळदीच्या एका तुऱ्यातून आवाज आला. बारीक, चांदीच्या घुंगरासारखा. पण रागावलेला.

"अगं आई गं! सोड मेली! सोड म्हणते ना!"

हौसानं वाकून पाहिलं. तुऱ्याच्या गुलाबी पेल्यात एक परी होती. अंगठ्याएवढी इवलीशी. हं, आता विचारा काय घातलं होतं. मखमली किड्यासारखा लालचुटूक झगा, त्याला बहाव्याच्या पिवळ्या पाकळ्यांची झालर. पंख चतुराचे असतात तसे, पण त्यांत निळं, जांभळं, हिरवं असं पाणी सळसळत होतं. केसांत दवाचे मणी. एवढी चमचम पुरे झाली. मुद्दा असा, की तिच्या नाजूक पावलाला एक जळू चिकटली होती, आणि ती जळू परीहून लांब होती.

"ओढू नकोस!" परी ओरडली. "ओढलीस तर माझा पायच येईल हातात!"

"मी कशाला ओढू?" हौसा म्हणाली. "आमच्याकडं जळू ओढत नाहीत."

तिनं पुडी सोडली आणि चिमूटभर मीठ जळवेवर टाकलं. जळू आक्रसली, पण सुटेना. आणखी चिमूट टाकली. आणखी एक. जळू टपकन पडली, पण घाईत ओलं पान फाटलं आणि उरलंसुरलं सगळं मीठ चिखलात गेलं.

परीनं पाऊल चोळलं, पंख झटकले. झटकल्याबरोबर सोनेरी कण उडाले आणि भोवतालचं गवत क्षणभर दिव्यांच्या माळेसारखं लखलखलं.

"गुणाची गं पोर," परी म्हणाली. "माग, काय मागायचं ते. एक मागणं देईन. पण मागणं तुझ्या मुठीत मावलं पाहिजे."

"आम्हाला भट्टीवर जायला नको," हौसा एका दमात म्हणाली.

"ते मुठीत मावत नाही."

"मग घरभर भात."

"घरभर म्हणजे मूठभर का?"

हौसाला रडू आलं. ही कसली परी! मग तिला आठवलं, की आई चुलीपुढं वाट बघत असेल. ती म्हणाली, "मग माझं मीठ तरी परत दे. आई ओरडंल."

परी खळखळून हसली. तिच्या हसण्यानं रानहळदीचे सगळे तुरे डोलले. "शहाणी आहेस. घे." तिनं हौसाच्या मुठीत मीठ ओतलं, पांढरंशुभ्र, हिऱ्यांच्या चुऱ्यासारखं. "पण हे कालवणात घालू नकोस. हंडीभर पाण्यात विरघळव, आणि त्यात भाताचं बी टाक. पोकळ बी वर तरंगेल, ते काढून टाक. भरलेलं बी तळाशी बसेल. ते गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धू, सावलीत वाळव आणि मग पेर. आणि दोन गोष्टी सांभाळ. यातून जे उगवेल ते कोणी मागितलं, तर नाही म्हणायचं नाही. आणि कोणी मागितलं नाही, तर त्याच्या गळ्यात मारायचं नाही."

"असं का?"

पण परी दिसेनाशी झाली होती.

घरी हौसानं सगळं सांगितलं. भागीरथीनं परीवर शंका घेतली नाही. रानात काय काय असतं, परीही असेल. तिचा घोर वेगळा होता.

"बियात मीठ?" ती म्हणाली. "अगं, मिठानं जमीन जळते, झाड मरतं, आणि तू माझं बी मिठात घालतेस? ही एवढीच टोपली आहे. बी मेलं तर परी येणार आहे आपल्याला भरवायला?"

आता पोरांनो, आईला हट्टी म्हणू नका. ज्याच्याकडं दहा टोपल्या असतात, त्यानं एका टोपलीचा खेळ करावा. जिच्याकडं एकच टोपली, तिनं काय करावं? मागं शेतीखात्याचा एक साहेब जीपमधून आला होता. बांधावर उभा राहून हेच मिठाचं सांगून गेला होता. खोटं नव्हता सांगत बिचारा. पण सगळं बी भिजवा म्हणाला, आणि निघून गेला. कोणी भिजवलं नाही.

हौसानं मूठ उघडून दाखवली. "आई, मीठच एवढंसं आहे. यात टोपली कशी भिजंल? सूपभरच भिजंल."

भागीरथीनं मुठीकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं. "सूपभर," ती म्हणाली. "सूपभर गेलं तर पोटाला चिमटा बसंल, पण मरणार नाय. आण हंडी."

मीठ विरघळलं. बी पाण्यात पडलं. आणि बघता बघता, पोकळ दाणे हळूच वर आले, पिवळ्या होडकुल्यांसारखे गोल गोल फिरायला लागले. भागीरथी बघतच राहिली. "इतकं पोकळ? मी दरवर्षी हे जमिनीत टाकते?"

पण ते फेकायला तिचा हात होईना. तिनं तरंगलेले दाणे ओंजळीत घेतले, चांगले धुतले आणि गुपचूप उरलेल्या टोपलीत ओतले.

"आई! परीनं टाकून द्यायला सांगितलंय."

"परीला सांग, आधी उपाशी झोपून बघ. मग मला दाणा फेकायला शिकव."

हौसानं हंडी पुढं ओढली. बाकी सगळं परीनं सांगितलं तसं झालं. तळाचं बी धुतलं, सावलीत वाळवलं. पालापाचोळा भाजून रोपासाठी जागा केली होती, तिच्या एका कोपऱ्यात ते पेरलं, आणि उरलेल्या जागेत टोपलीतलं बी नेहमीसारखं फेकलं.

ही बातमी वाडीत लपणार थोडीच? राहीकाकूचा नवरा कोंडाजीतात्या, आंबेमाळचा सगळ्यात तिखट जिभेचा माणूस, बांधावरूनच ओरडला, "काय गं हौसे! मिठाचं पीक काढणार म्हणं? बरंय, बरंय! भातात वेगळं मीठ घालायला नको. लोणच्याचं पण बघ जरा!"

सगळी वाडी हसली. हौसाला वाटलं, तात्यांना परीची गोष्ट समजावून सांगावी. पण त्यांनी कुठं विचारलं होतं? ती चांदीला चारा टाकायला वळली.

दिवस गेले. रोप वर आलं. मिठाच्या कोपऱ्यातलं रोप राघूच्या पंखासारखं हिरवंगार, जाड, ताठ. बाकीचं नेहमीसारखं, पिवळट, लेकुरवाळ्या बाईच्या वेणीसारखं विरळ. आणि मग पाऊस असा झोडपायला लागला, की ओढा वाडीत पाहुणा आला. सगळ्यांची रोपं पाण्याखाली गेली. पाणी ओसरलं, तेव्हा नाजूक रोप चिखलात लोळत होतं, कुजत होतं. कोंडाजीतात्याचं रोप ओढ्याकाठी होतं, त्यातलं तर काही उरलंच नाही. भागीरथीचंही टोपलीतलं रोप गेलं. उभा राहिला तो मिठाचा कोपरा, हिरवा, टवटवीत, प्रत्येक पात्याच्या टोकाला पाण्याचा एकेक मोती घेऊन.

"देव पावला," भागीरथी म्हणाली. "आपलं एक खाचर तरी लागंल."

त्या दिवशी कोंडाजीतात्या पानांचं इरलं डोक्यावर घेऊन त्यांच्या बांधावर आला. उभा राहिला. खोकला. आभाळाकडं बघितलं. "पाऊस लय झाला," म्हणाला. मग पुन्हा खोकला आणि तसाच उभा राहिला. इरल्यावरून पाणी गळत होतं.

हौसाला कळलं, तात्यांना रोप हवंय. आणि तिला हेही कळलं, की तात्या मागणार नाहीत. एवढं हसल्यावर कोणत्या तोंडानं मागतील? मागितलं नाही तर त्यांचं खाचर ओसाड राहील. मग दिवाळीनंतर ट्रकमध्ये तात्या चढतील, राहीकाकू चढतील. पण परीनं बजावलं होतं, मागितल्याशिवाय द्यायचं नाही.

हौसानं आईच्या पदराला ओढलं. "आई, सावड बोलावूया?"

सावड म्हणजे काय, तर आज तुम्ही माझ्या शेतात राबा, उद्या मी तुमच्या. आणि आंबेमाळात रीत होती, की लावणीच्या सावडीला आलेलं माणूस संध्याकाळी रोपाची एक जुडी घेऊनच घरी जायचं. कोणी मागत नाही, कोणी देत नाही. जुडी नुसती उचलायची.

भागीरथीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "पोरी, आपल्यालाच एका खाचरापुरतं आहे. जुड्या गेल्या तर आपली कणगी रिकामी. भट्टीची आठवण आहे ना तुला?"

हौसाला भट्टी आठवत नव्हती असं नाही. तिच्या घशात आत्ताच लाल धूळ आली. पण तिनं एक रोप उपटून आईच्या हातात दिलं. "बघ ना, केवढं जाड. तू एकेका ठिकाणी मूठभर काड्या खोवतेस, कारण त्यातल्या निम्म्या मरतात. ह्या कशा मरतील? दोन-दोनच खोवल्या तर?"

भागीरथीनं रोप उलटं धरलं. मुळं पांढरी, दाट, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. ती बोटांनी मुळं चाचपत राहिली. वाडीतल्या दुसऱ्या कोणत्याही माणसाचं तिनं ऐकलं नसतं, पण स्वतःच्या बोटांचं ऐकलं.

"कोंडाजीभावजी," तिनं हाक मारली, "उद्या आमची लावणी. सावडीला येता का? माणूस कमी पडतंय."

कोंडाजीतात्यानं इरलं सारखं केलं. "येतो की," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा ओलाच होता. पावसानं असेल.

दुसऱ्या दिवशी तो आला, राहीकाकू आली, वाडीतले आणखी चार-सहा जण आले. दोन-दोन काड्या खोवत संध्याकाळपर्यंत भागीरथीची दोन्ही खाचरं लागली. हो, दोन्ही! पण दिसायला अगदी उघडी. काड्यांमधून नुसतं पाणीच चमकत होतं.

"भागीरथी, शेताला टक्कल पडलंय गं!" कोंडाजीतात्या म्हणाला. जुडी काखेत मारूनसुद्धा जिभेचा तिखटपणा गेला नाही. म्हणूनच मला तो आवडतो. सगळ्यांनी जुड्या उचलल्या, आपापल्या खाचराच्या एकेका पट्ट्यात लावल्या, आणि उरलेल्या जागेत चिखलातून वाचलेलं किडूकमिडूक खोवलं.

भागीरथी रोज सकाळी त्या उघड्या शेताकडं बघायची आणि बोटांवर काड्या मोजायची. हौसा रानात गेली, रानहळदीच्या तुऱ्यात डोकावली, "परी, ए परी, चुकलं का गं माझं?" म्हणाली. नुसतं पानावरून पाणी पडलं, टप.

पण जमिनीत काम चालू होतं. एका काडीला बाजूनं दुसरी फुटली. दुसरीला तिसरी. श्रावणातल्या उन्हात तर रोज नवे हिरवे कोंभ, जणू खाली कोणी चिमुकल्या हातांनी काड्या वर ढकलत होतं. गौरी आल्या तोवर टक्कल झाकलं गेलं. मग लोंब्या आल्या. आधी हिरव्या, मग पिवळ्या, मग सोन्याच्या. दाणे इतके भरले, की लोंब्या वाकून वाकून बांधाला नमस्कार करायला लागल्या. वारा आला, की खाचरातून छुमछुम आवाज यायचा.

कापणी झाली. खळ्यावर भात झोडत असताना कोंडाजीतात्या आला. आज इरलं नव्हतं, तोंड लपवायला काहीच नव्हतं. हातात भाताच्या दोन पेंढ्या होत्या. त्यानं एक हौसाच्या या हातात दिली, एक त्या हातात.

"कंची जड?"

"ही, तात्या."

"ती तुझ्या जुडीची. दुसरी माझ्या रोपाची." तो खळ्याच्या कडेला बसला. "हौसे, तुझ्या शेतात पिकलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, जमीनच चांगली आहे. परीनं पिकवलं असतं, तर म्हटलं असतं, तिला काय, ती परी आहे. पण माझ्याच खाचरात, माझ्याच पाण्यात, माझ्याच शेणखतावर! पट्ट्यात विळा घातला, की मुठीत मावंना, आणि पट्टा संपला, की हात रिकामा. आता मी कुणाला नावं ठेवू?" मग तो खोकला. आणि या खेपेला मागितलं. "ते मिठाचं काय ते सांग मला."

त्याच्या मागून बाकीचे आले. ज्यांनी ज्यांनी जुडी नेली होती, ते सगळे. हौसाचा चेहरा पडला. सांगायला ती तयार होती, नाही म्हणायचं नव्हतंच. पण मीठ तर संपलं होतं! परीचं मीठ आता आणायचं कुठून?

आणि दिवाळी सरली. एका सकाळी वाडीखाली ट्रकचा भोंगा वाजला. हौसा दचकून उठली, धावत कणगीशी गेली, टाचा उंच करून आत हात घातला. हात शिरलाच नाही. भात तोंडापर्यंत होतं.

भट्टीचा मुकादम दारात आला. "भागीरथीबाई, चला, उशीर होतोय."

भागीरथी चांदीचं दूध काढत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "मी नाय येत. मला काम आहे."

"काय काम?"

"दूध काढतेय, दिसत नाय?"

राहीकाकूनं तिच्या दारातून सांगितलं, आमच्याकडनंही कोणी येणार नाही. मुकादम कपाळाला आठ्या घालून गेला. ट्रक वळला, खडखडत उतारावरून निघून गेला, आणि मागं उरलेली धूळ हळूहळू खाली बसली. हौसा अंगणात उभी राहून ती धूळ बसेपर्यंत बघत होती.

तेव्हा खळ्यातल्या पेंढ्याच्या उडवीवर काहीतरी लुकलुकलं. दवाच्या थेंबाथेंबात इंद्रधनुष्य उमटलं होतं, आणि मधोमध लालचुटूक झग्यात परी बसली होती.

"परी!" हौसा धावली. "सगळे मीठ मागतायत गं! आणि मी तात्यांना बोलावलं, ते चुकलं का?"

"तू त्याच्या गळ्यात काही मारलं नाहीस," परी म्हणाली. "त्याला कामाला बोलावलंस आणि त्याची मान वर राहू दिलीस. मलाही हे सुचलं नसतं. आणि मिठाचं म्हणशील, तर मी कुठलं मीठ करते? दुकानात पोत्यानं पडलेलं असतं ना, तेच ते. समुद्राचं."

"मग ते आधीच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू कालवणात घातलं असतंस."

हौसाला हसू आलं. परीनं तिच्या नाकाच्या शेंड्याला बोटुली लावली, एवढीशी, थंडगार. मग तिनं पंख उघडले. निळं, जांभळं, हिरवं पाणी सळसळलं, पेंढ्याची काडी न् काडी सोन्याची झाली, सगळं अंगण, घराचं गवत, चांदीची शिंगं, आईच्या हातातला दुधाचा तांब्या, सगळं एकाच उजेडानं भरून गेलं. हौसानं डोळे मिटले. उघडले, तेव्हा उडवीवर परी नव्हती. साधं सकाळचं ऊन पडलं होतं, आणि कोंडाजीतात्या फाटकात उभा राहून हाक मारत होता, "हौसे, हंडी घेऊन आलोय! आता पाणी किती आणि मीठ किती, ते नीट दाखव!"

झालं. संपली गोष्ट, आणा चहा. आणि पोरांनो, घरी गेल्यावर आपल्या गावातल्या विठू बाबाजी शेलारालाही ही गोष्ट ऐकवा. मी बी मिठात भिजवलं, तेव्हा म्हाताऱ्याला वेड लागलं म्हणून यानं गावभर सांगितलं होतं. आता स्वतः भिजवतो, बायकोला भिजवायला लावतो, जावयालासुद्धा शिकवतो. माफी मात्र अजून मागितली नाही, त्या विठू बाबाजी शेलारानं.